उंबऱ्याबाहेरचा हात

सागपाणी, म्हसावदजवळ,
तालुका शहादे, पश्चिम खानदेश
८ एप्रिल १९३६

प्रभूमध्ये प्रिय करमसिंग यास प्रेमचंदचा सलाम.

आमच्याकडच्या वादळाची बातमी भुसावळच्या तुमच्या इंजिन शेडपर्यंत पोचली असेल, आणि बातमी चालत जाते तेव्हा तिला वाटेत पाय फुटतात. म्हणून खरं काय ते मीच लिहितो.

परवाचा रविवार ईस्टरआधीचा, झावळ्यांचा होता. पोरांनी नाल्यावरून शिंदीच्या झावळ्या तोडून आणल्या होत्या. उपासना अर्ध्यावर आली तोच पश्चिमेकडे आभाळ शेवाळासारखं हिरवट झालं. आधी धूळ, मग वारा, मग लिंबाएवढ्या गारा. गावात पक्क्या भिंतींची जागा एकच, आपलं मिशनचं मंदिर. सगळं गाव तिकडे धावलं. ख्रिस्ती कोण आणि बाकीचे कोण, हे त्या वेळी कुणी पाहिलं नाही. दीडशे माणसं आत दाटीवाटीनं बसली. पाद्री बोलत होते, पण पत्र्यावरच्या गारांपुढे कुणाला काही ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासात गावातली चाळीस घरं उघडी पडली. मंदिराचे तीन पत्रे गेले आणि पुढची पडवी पडली. भिंती मात्र उभ्या राहिल्या.

आता मंडळी कामाला लागली आहे. बेघर झालेले मंदिरातच झोपतात. शाळेत दोन चुली पेटवल्या आहेत, बाया आळीपाळीनं भाकरी थापतात. म्हसावदचे हिंमतराव पाटील आपल्या धर्माचे नाहीत, पण त्यांनी ज्वारीची एक गाडी आणि छपरांसाठी कडब्याच्या दोन गाड्या पाठवल्या. पाद्रीसाहेबांनी मिशनला रिपोर्ट लिहिला, तो मीच मराठीत उतरवला : देवकृपेनं मंडळीतल्या एकाही सभासदाच्या जिवाला धोका झाला नाही.

रूपली माझ्याकडे आहे. माझी सुंदरबाई तिला जवळ घेऊन असते. बाकीचं सवडीनं लिहीन. हात जरा दुखावला आहे.

तुझा
प्रेमचंद

*

भुसावळ
१४ एप्रिल १९३६

प्रिय प्रेमचंद,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. 'एकाही सभासदाच्या जिवाला धोका झाला नाही' या ओळीवर आल्यावर जिवात जीव आला. शेडमधले लोक म्हणाले, तिकडे गावंच्या गावं उडाली. मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

पण तू मास्तर तो मास्तरच. सोबत्याला पत्र लिहितोस की इन्स्पेक्टरला? पत्रे तीन गेले, गाड्या तीन आल्या. माझ्या बहिणीचं एक अक्षर नाही. रूपली तुझ्याकडे म्हणजे रुखमा चुलीवर भाकरी थापत असणार, एवढं मी ओळखलं. वादळ असो की लग्न, तिला तव्यापुढून उठवणं कठीण. की तिचं नाव अजून शिस्तीखाली पडवीत बसवलेल्यांच्या यादीत होतं म्हणून कागदावर घ्यायलाही तुला पाद्रीसाहेबांची परवानगी लागली? नियमाच्या बाबतीत तू बोर्डिंगात होतास तसाच आहेस. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

असो. परवा ईस्टर झाला, म्हणजे आता ती यादीत नाही. दहा महिने ती त्या पडवीत बसली. गेल्या वर्षी रूपलीला ताप चढला, पोर डोळे फिरवू लागली, तेव्हा रुखमा तिला पाठीशी बांधून डोंगरावरच्या बडव्या भगताकडे गेली आणि त्याच्या देवापुढे कोंबडं कापून आली. पंचांनी मला विचारलं होतं तेव्हा मीच लिहिलं होतं की माझी बहीण म्हणून सवलत देऊ नका, नियमाप्रमाणे पडवीत बसवा. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. नंतर सलत राहिलं. विधवा बाई, एकुलती एक पोर, डोक्यावर हात ठेवायला कुणी नाही. कुठे जाणार होती ती?

पण आता झालं गेलं. आत घेताना हात तूच दिलास ना? रुखमानं मागच्या वेळी तुझ्याकडून लिहवून घेतलेल्या पत्रात म्हटलं होतं, मला मास्तरांच्या हातानं आत जायचं आहे. सोबतच्या पार्सलात हिरवं लुगडं आहे. आत येण्याच्या दिवशी नेसायला हवं होतं, पण पगार उशिरा झाला. आता पुढच्या प्रभुभोजनाला नेसेल. तिला सांग, पावसाळ्यात रजा मिळाली की येतो.

तुझा
करमसिंग

*

सागपाणी
१ मे १९३६

प्रिय करमसिंग,

पार्सल पोचलं. सुंदरबाईनं ते उघडलं आणि लुगडं मांडीवर घेऊन बसून राहिली. म्हणून आता मला लिहिणं भाग आहे.

रुखमाबाई राहिली नाही. त्याच रविवारी, वादळात, पडवी पडली तेव्हा ती पडवीत होती. सागाची तुळई तिच्यावर आली. फार यातना झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला माती दिली. रूपली आत होती, तिला खरचटलंसुद्धा नाही.

पहिल्या पत्रात मी हे लिहिलं नाही. लिहायला बसलो होतो, पण पाद्रीसाहेबांचा रिपोर्ट नुकताच उतरवला होता, आणि त्यातलीच ओळ हातून उतरली. ती ओळ खोटी नव्हती. ती सभासद नव्हती. पण तू ती कशी वाचशील हे मला ठाऊक होतं आणि तरी मी पाकीट बंद केलं. त्याबद्दल क्षमा माग म्हणशील तर मागतो.

वादळ देवाचं होतं, करमसिंग. त्यापुढे कुणाचं काय चालणार? लुगडं जपून ठेवलं आहे.

तुझा दुःखी
प्रेमचंद

*

भुसावळ
९ मे १९३६

मास्तर प्रेमचंद यांस,

तुमचं पत्र मिळालं. ते हातात असताना मी चार दिवस कामावर गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो, कारण खोलीत बसून भिंतीशी किती बोलणार.

तुम्ही लिहिता, वादळ देवाचं होतं. मान्य. पण मला एक कळत नाही. दीडशे माणसं मंदिरात आली असं तुम्हीच लिहिलंत. ख्रिस्ती आणि बाकीचे कुणी पाहिले नाहीत, हेही तुमचेच शब्द. मग माझी बहीण पडवीत काय करत होती? ती बहिरी नव्हती, आंधळी नव्हती, पायानं अधू नव्हती. पडवी आणि मंदिर यांच्यात एक उंबरा आहे. तो माझ्या घोट्याएवढाही नाही.

काल शेडमध्ये कोळसा भरायला नवी टोळी आली. त्यात लोणखेड्याचा भिला म्हणून एकजण आहे. वादळाच्या दिवशी तो तुमच्या गावी पाहुणा होता आणि जीव वाचवायला मंदिरात शिरला होता. सागपाणीचं नाव काढल्यावर तो आपणहून सांगू लागला. ती बाई माझी कोण हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला :

"भाऊ, ती बाई दारमा हात पुढे करीसन उभी व्हती. मास्तर दारमाच व्हता. त्यानी पोरले मझार ओढं, बाईले नही. काब्र नही, ते माले नही समजनं."

का नाही, ते मलाही नाही समजत. तो म्हणाला तुम्ही दारातच होतात. तुम्ही लिहिलंत हात दुखावला आहे. कोणता हात?

खरं लिहा. गोड लिहू नका. आपण एका ताटात जेवलो आहोत. तेवढ्यासाठी विचारतो, नाहीतर विचारलं नसतं.

करमसिंग

*

सागपाणी
१७ मे १९३६

करमसिंग,

उजवा.

हा शब्द लिहून मी अर्धा दिवस कागद तसाच ठेवला. आता सगळं सांगतो. मधेच थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही.

वारा सुटला तेव्हा दार सांभाळायला मी उभा होतो. एक फळी वाऱ्यानं उखडली होती, दुसरी मी खांद्यानं रेटून धरली होती. माणसं वाकून माझ्या काखेखालून आत येत होती. पाटलांचे सालदार आले. भिला आला असेल, मला आठवत नाही. आणि डोंगरावरचा बडवाही आला. तोच बडवा. बाजारासाठी खाली उतरला होता, पावसात सापडला. तो आत येऊन थेट व्यासपीठाच्या पायरीवर बसला आणि कुणी त्याला हटकलं नाही. त्याच्या दारी गेली म्हणून जिला बाहेर बसवलं ती बाहेरच, आणि तो आत. हे मला त्या क्षणी दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं म्हणणार नाही.

रुखमाबाई पडवीतच होती. आपल्या नेहमीच्या खांबाशी. छप्पर हलू लागलं तशी ती रूपलीला घेऊन उंबऱ्याशी आली. रूपलीला तिनं माझ्याकडे ढकललं. पोर काही शिस्तीखाली नव्हती, मी तिला दंडाला धरून आत घेतलं. मग मी ओरडलो, "रुखमाबाई, ये, मझार ये!"

ती आली नाही. तिनं उजवा हात पुढे केला.

तुला रिवाज माहीत आहे. तुझे आणि माझे वडील या मंदिरात पहिल्यांदा आले तेव्हा विटांच्या घराला बिचकून उंबऱ्यावरच थबकले होते. मिशनच्या म्हाताऱ्या साहेबांनी त्यांना हात धरून आत घेतलं. त्यावरून पडलेला तो रिवाज. माणूस घाबरू नये म्हणून दिलेला हात. त्याचा आम्ही कायदा कधी केला, मला सांगता येत नाही. पण झाला. पडवीत बसवलेल्याला पंचांपैकी एकानं हात दिला की तो मंडळीत परत आला. हात दिल्यावाचून आत पाऊल टाकलं तर त्याचे सगळे महिने वाया गेले, पहिल्यापासून पुन्हा बसायचं. मागच्या वर्षी पडवीत बसणाऱ्या दलसिंगनं उंबऱ्याचा नवीन धोंडा बसवताना चुकून पाऊल आत ठेवलं, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून चार महिने बसवलं होतं. ते रुखमाबाईनं पाहिलं होतं. तिला एकच आठवडा उरला होता. पुढच्या रविवारी मी तिला हात देणार होतो.

म्हणून ती हात मागत होती. आणि मी देत नव्हतो.

माझ्या मनात काय आलं ते ऐक. माझ्या मनात आलं की हात दिला तर ती आत्ताच मंडळीत आली असं होईल. पंचांची सभा व्हायची आहे. तिनं सर्वांसमोर कबुली द्यायची आहे. पाद्रीसाहेब मागेच उभे आहेत, ते विचारतील कुणाच्या परवानगीनं दिलास. मला वाटलं, ही नुसती आत का येत नाही? जीव जातोय आणि हिला रिवाज सुचतोय! मला तिचा राग आला, करमसिंग. तिला मी शिकवलेलंच ती करत होती आणि मला तिचा राग आला. मी पुन्हा ओरडलो, "ये ना!" ती म्हणाली, "हात द्या, मास्तर." मी मागे पाद्रीसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. ते केव्हाच मान डोलावत होते, मी पाहिलं नव्हतं एवढंच. मी वळून हात पुढे केला तेव्हा तुळई आली. ती माझ्या हातावरूनच घासत गेली. दोन बोटं मोडली. बस्स, तेवढंच माझं दुखणं.

यातना झाल्या नाहीत असं लिहिलं तेही खरं नाही. तुळई काढेपर्यंत ती जिवंत होती. मी तिचा हात धरला होता. तेव्हा धरला. तिला ते कळलं की नाही, देव जाणे.

आणखी एक, म्हणजे तुला नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. तिला आपल्या मंडळीच्या दफनभूमीत पुरलं नाही. कुंपणाबाहेर, बोरीखाली पुरलं. सभासद नाही म्हणून. तेव्हाही मी काही बोललो नाही.

मी पंचाचं काम सोडलं आहे. रविवारी पडवीच्या जोत्यावर बसतो. छप्पर नाही, ऊन लागतं. मला कुणी बसवलेलं नाही, म्हणून कुणी आत घेऊही शकत नाही. सुंदरबाई म्हणते हे ढोंग आहे. असेल. पण मला आत बसवत नाही.

तू आता मित्र म्हणून उत्तर देणार नाहीस हे मी धरून चाललो आहे.

प्रेमचंद

*

भुसावळ
६ सप्टेंबर १९३६

प्रेमचंद,

जूनमध्ये मी आलो तेव्हा तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तू जोत्यावर बसला होतास, मी तुझ्या पुढून गेलो. बोरीखाली गेलो, तिथून तुझ्या घरी जाऊन रूपलीला उचललं आणि परतीची गाडी धरली. सुंदरबाईनं बांधून दिलेल्या भाकरीसुद्धा मी घेत नव्हतो, तिनं जबरदस्तीनं रूपलीच्या ओच्यात घातल्या. तुला मारावं असं वाटत होतं. हात उचलला गेला नाही, एवढंच.

मग तीन महिने तुझं मोठं पत्र मी रोज काढलं आणि रोज ठेवलं. प्रत्येक वेळी तुला शिव्या देत वाचायचो आणि प्रत्येक वेळी एका ठिकाणी अडायचो. माझ्या मनात यायचं, याला पाद्रीसाहेबांकडे मागे वळून पाहायला कुणी लावलं? आणि मला माझंच जुनं पत्र आठवायचं. 'माझी बहीण म्हणून सवलत देऊ नका.' पंचांपुढे ते तूच वाचून दाखवलं असशील. तिथे बाकीचे पंच असतील, सगळ्यांनी माना डोलावल्या असतील की करमसिंग मोठा विश्वासू माणूस. तुझ्या पत्रात तू ते पत्र एकदाही माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. फेकलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. दोनदा ओरडून मग वळून पाहिलंस तेवढा वेळ तू तिला बाहेर ठेवलंस. मी दहा महिने ठेवलं, आणि तेही भुसावळात बसून, कोरड्या अंगानं.

तर हे तुला सांगायचं होतं. आता दुसरं.

रूपली इथे रुळली आहे. शेडमधल्या प्रेमचंद फायरमनच्या बायकोकडे दिवसा असते. हो, इथेही एक प्रेमचंद आहे, आधी त्याला हाक मारतानासुद्धा माझ्या तोंडात कडू यायचं. पोर खाते, पिते, इंजिनाच्या शिट्टीला हसते. पण एक गोष्ट आहे. ती कुठल्याही दारातून आपणहून आत येत नाही. माझी खोली असो, वाण्याचं दुकान असो, उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि उजवा हात पुढे करते. पहिल्या दिवशी मला वाटलं हट्ट आहे. मी म्हटलं, ये की आत, कोण खातंय तुला? ती हलली नाही. म्हणाली, "हात दे ना, मामा."

मी तिला विचारलं हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, आईनं. घरी रोज दोघी खेळायच्या म्हणे. रुखमा बाहेर उभी राहायची, रूपली मास्तर व्हायची. हात द्यायची आणि म्हणायची, ये, हाई तुन्हं घर शे. मग अदलाबदल. ईस्टरला चूक होऊ नये म्हणून माझी बहीण पाच वर्षांच्या पोरीकडून आत येण्याचा सराव करून घेत होती. हे ऐकलं आणि मी भर दिवसा खोलीचं दार लावून रडलो. एवढ्या वर्षांत तसा रडलो नव्हतो.

मी तिची ही सवय मोडणार नाही. मोडेल तेव्हा आपोआप मोडेल. तोवर मी प्रत्येक दारात हात देतो. हातात सामान असलं तर सामान खाली ठेवतो. मागे वळून कुणाकडे पाहत नाही.

तुला क्षमा केली असं लिहिता येत नाही. लिहायला बसलो की पेन थांबतं, आणि खोटं तर तुला लिहायचं नाही, आपल्या दोघांत खोटं पुष्कळ झालं. पण तुला एक काम सांगतो. रुखमाला तिथून उकरू नका. ती निजली आहे तिथेच असू दे. वादळात दफनभूमीचं कुंपण पडलेलं मी जूनमध्ये पाहिलं. नवं घालाल तेव्हा बोरीच्या पलीकडून घाला. पंच विचारतील कुणाच्या परवानगीनं. माझं नाव सांग. तिला बाहेर ठेवायला माझी चिठ्ठी चालली होती, आत घ्यायलाही चालू दे. ही ती चिठ्ठी.

आणि तू जोत्यावरून ऊठ. दिवाळीच्या सुट्टीत मी रूपलीला घेऊन येईन. तेव्हा मंदिराच्या दारात ती थांबणार आणि हात पुढे करणार. मी तिच्या मागे उभा असेन, मी देणार नाही. आतून कुणीतरी तो द्यायला हवा.

तू तिथे असलास तर बरं.

करमसिंग